मिठाची गुळणी

मुर्गाबात पहाटे उणे एकतीस.
किल्ली फिरवली.
स्टार्टर दोनदा कण्हला, तिसऱ्यांदा जोरात फिरला,
इंजिन मात्र मिठाची गुळणी धरून.

उआझ दादाची. दादा ओशच्या दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये,
आणि मागं अकरा पोती याकची लोकर
शुक्रवारच्या आत त्याच गावात उतरवायची.
मी मॉस्कोत सहा वर्षं गाड्या धुतल्या.
गाड्या मला ठाऊक आहेत,
बाहेरून.

माणसं जमली, जमतातच.
जोल्चुबेक म्हणाला, बॅटरी.
(स्टार्टर फिरतोय ना, बाबा. पण त्याचं पहिलं उत्तर बॅटरीच,
शेळी दूध देईना तरी.)
भूगोलाचे मास्तर म्हणाले, हवा विरळ आहे,
इथं माणसाला धाप लागते, तिथं लोखंडाची काय कथा.
एका म्हातारीनं सुचवलं, अर्चाचा धूर द्या.
मग सगळ्यांनी मिळून ढकलली, मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत,
आणि मास्तरांचं तेवढं खरं ठरलं:
धाप लागली.

उम्सुनाय वहिनी तेव्हा आली,
बादली भिंतीशी ठेवून.
गाडीकडे बघितलंच नाही. मान तिरकी केली.
फिरव.
थांब.
परत.
ठिणगी बघितलीस?
मी गप्प.

तिनं प्लग काढला, टोपी पुन्हा चढवली,
धातूला टेकवून धरला. आता फिरव.
अंधारात एक निळा कण उडाला,
एवढासा, रागीट.
ही आहे, म्हणाली.
मग प्लग नाकाशी नेला. कोरडा.
भूक आहे. ताटात काही नाही.

आणि निघाली पेट्रोलच्या वाटेनं,
टाकीपासून पुढं पुढं, नळीवर बोट ठेवून,
वाटेत पडलेलं कर्णफूल शोधावं तशी, घाई न करता.
फिल्टरच्या काचेच्या वाटीशी थांबली.
टॉर्च.
तळाला एक पारदर्शक खडा.

पाणी मुरत होतं ते इथं.
मुरतं कसलं, गोठून बसलं होतं.

सगळ्यांनी समातकडे बघितलं.
समात पिंपातलं पेट्रोल पळीनं मोजून विकतो,
सल्ला द्यायला तोही आला होता.
त्याला एकदम घरचं काम आठवलं.
जरा थांब, वहिनी म्हणाली,
वाटी सोडवली, ठोकून खडा काढला
आणि त्याच्या तळहातावर ठेवला.
हा तुझा. पैसे दिलेत आम्ही याचे.

नळीत अजून बर्फ. गरम पाणी हवं.
विहिरीचा रहाट गोठलेला, घरात चुलीवर एकच किटली,
तिच्यात दूध पडलेलं, लोणी पडलेलं, मीठही.
वहिनीनं क्षणभर विचार केला.
नळीला जुनी गोधडी गुंडाळली
आणि ओतला.
अगं, चहा तो! जोल्चुबेक कळवळला.
तुला नंतर.

वाफ. दुधाची, लोकरीची, पेट्रोलची.
पंपाची दांडी तिनं हातानं मारली, वीस-बावीस वेळा,
आता कुणी बोलत नव्हतं.
फिरव.

खोकली.
पुन्हा खोकली, काळं ओकली, सगळी पोती हलली,
आणि मग तो आवाज,
जो चालू असताना कधी ऐकूच येत नाही आपल्याला.

कुठं शिकलीस? मी विचारलं.
ती बादली उचलत होती.
चौदा वर्षं टॉर्च कोण धरतंय?

आता आक-बाइतालच्या खिंडीत आहे मी.
फुटबोर्डापासून छतापर्यंत करपलेल्या दुधाचा वास,
सकाळच्या न्याहारीत बसल्यासारखा.
दादाचा निरोप आला आहे: झाली चालू? कुणी केली?
उत्तर अजून लिहिलेलं नाही.
लघवीला उतरलो तेही
इंजिन चालू ठेवून.